उपाशीपोटीच्या गोळीची मीमांसा
(खालापूर तालुक्यातील रसायनी व परिसर यांच्या विशेष संदर्भात)

१. विषयप्रवेश

मराठी वैचारिक वाङ्मयाने आत्मा, मोक्ष, स्वराज्य आणि सहकारी साखर कारखाने या सर्वांची चिकित्सा केली. मात्र भल्या सकाळी, डोळे धड उघडलेले नसताना, स्वयंपाकघरातल्या फळीवर चाचपडून घेतल्या जाणाऱ्या ४० मिलिग्रॅमच्या पिवळ्या गोळीकडे त्याने ढुंकूनही पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रस्तुत लेखकाचा हा नम्र, म्हणजे विद्वानांच्या परिभाषेत अत्यंत आग्रही, प्रयत्न आहे.

या गोळीला वैद्यकशास्त्रात प्रोटॉन पंप इन्हिबिटर म्हणतात. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्या कुळातली ठळक भावंडे. मोहोपाड्याच्या बाजारात एवढी नावे घ्यायला कोणाला वेळ नसतो. तिथे "पॅन-फॉर्टी द्या", "ओमेझ द्या", किंवा त्याहून थेट "ती सकाळची उपाशीपोटीची द्या" एवढे बोलले की मेडिकलवाल्याचा हात वर न बघता योग्य खणात जातो. नियमाने हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. पण चिठ्ठी विचारलीच, तर "मागच्या दिवाळीत दिली होती की डॉक्टरांनी" असे उत्तर येते आणि उभय पक्षांचे समाधान होते. दिवाळी कोणत्या सालची, हा प्रश्न इतिहाससंशोधकांसाठी सोडून दिलेला असतो.

२. लक्षणविचार

व्याख्येवाचून शास्त्राचे पान हलत नाही. म्हणून नैयायिकांच्या शिस्तीने प्रथम लक्षण ठरवू.

पहिले लक्षण: "जी उपाशीपोटी घ्यायची, ती उपाशीपोटीची गोळी." येथे अतिव्याप्तीचा दोष येतो. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच घ्यायची असते, आणि ती शेजारच्या काकूंची आहे. दुसरे लक्षण: "जी प्रत्यक्षात उपाशीपोटी घेतली जाते, ती." येथे असंभव हा दोष, असे उदाहरण अख्ख्या तालुक्यात दाखवणे अवघड. तिसरे लक्षण: "छातीत जळजळल्यावर जी घेतात, ती." ही अव्याप्ती झाली, कारण जळजळ केव्हाच थांबली तरी केवळ सवयीने घेणारा भलामोठा वर्ग बाहेर राहतो.

तेव्हा निर्दोष लक्षण असे: "जी उपाशीपोटी घ्यावी असे डॉक्टर सांगतात, मेडिकलवाला सांगतो, घरचे ओरडून सांगतात, आणि जी वडापावचा शेवटचा घास गिळताना आठवते, ती उपाशीपोटीची गोळी."

३. क्षेत्रविचार

हा प्रबंध रसायनीतच का लिहावा? पुण्याला जठर नाही का? आहे, परंतु तिथे दुपारी एक ते चार चिंतनाला सुट्टी असते. शिवाय आम्लाशी व्यावसायिक पातळीवर घरोबा असलेले गाव म्हणून रसायनीचा अधिकार मोठा आहे.

केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे आपली एचओसी, स्थापन केली आणि पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला. नदीला बारमाही पाणी, आणि त्याचे श्रेय खोपोलीला. तिथल्या टाटांच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून घाटमाथ्याचे पाणी वीज देऊन खाली या नदीत उतरते. पुढे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आली, १९८०च्या दशकात रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना आणि सिप्लाचा औषधांचा कारखाना पाताळगंगेला आले. वासांबे-मोहोपाडा हे भातशेतीचे गाव पाळ्यांच्या भोंग्यावर उठू लागले.

एचओसीत नायट्रोबेंझिन, अ‍ॅनिलीन, फॉर्माल्डिहाइड अशी द्रव्ये बनत. आणि बने नायट्रोजन टेट्रॉक्साइड. इस्रोच्या रॉकेटांतले इंधन पेटायला जे ऑक्सिडीकारक लागते, ते हे. २०१७ साली केंद्राने इथला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा एकच विभाग मोडीत न काढता इस्रोकडे सोपवायचे ठरले. ज्या गावाचा माल अवकाशात गेला, त्या गावाची छातीतली जळजळ मात्र चौक गावापर्यंतही हटत नाही, ही विसंगती संशोधकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

येथे एक स्थानिक सिद्धान्त खोडून काढणे भाग आहे. मोहोपाड्याच्या नाक्यावरील विद्वत्सभेचे ठाम मत असे, की "ही सगळी कंपन्यांची अ‍ॅसिडिटी आहे. हवेत अ‍ॅसिड, म्हणून पोटात अ‍ॅसिड." हे मत ऐकायला सोयीचे आहे, कारण त्यात मिसळीचा उल्लेख येत नाही. हवेचे परिणाम व्हायचे ते नाका-डोळ्यांवर आणि फुप्फुसावर होतात. जठरातले आम्ल बाहेरून येत नाही. ते जठर स्वतः बनवते. कंपन्यांचा दोष शोधायचाच तर तो पाळीत सापडेल. आज सकाळी सातची, पुढच्या आठवड्यात रात्री अकराची, जेवण कधी दोनला तर कधी पहाटे, मध्ये चहा, चहामध्ये तंबाखू. पाळीत काम करणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी अधिक आढळतात, हे वैद्यकाने पुष्कळदा नोंदवलेले आहे.

४. आम्लविचार

पोटात आंबट काहीतरी आहे हे आपल्या पूर्वजांना ढेकरेवरून ठाऊक होते. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग, म्हणजे वरच्या वाटेने जाणारे आणि खालच्या वाटेने जाणारे, असे दोन भेद सांगितले आहेत. दोन्ही भेदांचे प्रत्यक्ष प्रमाण हळदीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही आळीत मिळते.

हे आम्ल कोणते, ते मात्र १८२४ साली लंडनच्या विल्यम प्राउट यांनी प्रसिद्ध केले: हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याच सुमारास अमेरिकेत एक चमत्कारिक योग जुळला. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचे भोक बुजेना. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून रेशमाच्या दोऱ्याला मांसाचे, भाजीचे, पावाचे तुकडे बांधून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून काढून पाहिले. १८३३ साली या निरीक्षणांचा ग्रंथ निघाला आणि पचन ही रासायनिक क्रिया आहे यावर शिक्कामोर्तब झाले. सेंट मार्टिन डॉक्टरच्या पश्चात पंचवीसहून अधिक वर्षे जगला. पोटाला भोक असलेला माणूस टिकला आणि भोकात पाहणारा आधी गेला, यावरून आरोग्यविषयक काय बोध घ्यावा ते अभ्यासकांनी ठरवावे.

जठर दिवसाकाठी सुमारे दोन लिटर रस पाझरते. त्याचा पीएच साधारण एक ते दोन. रसायनीच्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे स्टेनलेस स्टीलही टिकत नाही, म्हणून त्याच्या टाक्यांना आतून रबराचे अस्तर देतात. आम्लाच्या टँकरजवळ जायचे तर हेल्मेट, गॉगल, रबरी मोजे, गमबूट, वर्क परमिट आणि जवळ सेफ्टी शॉवर. हा सगळा जामानिमा काटेकोर पाळणारा ऑपरेटर, त्याच द्रव्याने भरलेल्या स्वतःच्या टाकीत मात्र कोणत्याही परमिटशिवाय मिरचीचे भजे सोडतो. निसर्गाने जठराला श्लेष्मल अस्तर दिले आहे आणि ते काही दिवसांत नवे होत असते, म्हणून तो वाचतो. अन्ननलिकेला तसे अस्तर नाही. आम्ल वर चढले की जळते ती अन्ननलिका, आपण म्हणतो, "छातीत जळजळतंय."

अल्सरचे खापर शतकभर तिखटावर आणि काळजीवर फुटत होते. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे बोट दाखवले. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन पोट बिघडवून घेतले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. स्वतःचे पोट बिघडवण्यात रसायनीचे अनेक नागरिक त्यांच्या तोडीचे आहेत. पण नोंदी ठेवत नाहीत, आणि पारितोषिके हुकतात ती तिथे.

५. पंपप्रकरण

आता प्रत्यक्ष गोळीकडे. जठराच्या भिंतीतल्या काही पेशींत आम्ल बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप असतात. एक हायड्रोजन आयन बाहेर, बदल्यात एक पोटॅशियम आयन आत. रक्तात हायड्रोजन आयन जेवढे असतात, त्याच्या दहा लाख पटींहून अधिक दाट द्रावण हे पंप तयार करतात. एवढा दाब मारणारा पंप पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत कोणाकडे असेल तर त्याने पुढे यावे.

१९७९ साली स्वीडनमध्ये, गोथेनबर्गजवळच्या मोल्नडाल इथे, अ‍ॅस्ट्राच्या हेस्ले प्रयोगशाळेत ओमेप्राझोल तयार झाले आणि १९८८ साली बाजारात आले. पॅन्टोप्राझोल जर्मनीतल्या बिक गुल्डेन कंपनीचे, १९९४ सालचे. याआधीची रॅनिटिडीनसारखी औषधे पंपाला मिळणाऱ्या हुकमांपैकी एक हुकूम अडवत. बाकीचे हुकूम येतच राहत. नव्या गोळीने थेट पंपच जाम केला.

तिची चाल मात्र विलक्षण वाकडी आहे. आम्लाचा बंदोबस्त करायला निघालेली ही गोळी आम्लालाच घाबरते. जठरात उघडी पडली तर तिथेच नष्ट होते. म्हणून तिला आम्लात न विरघळणारे आवरण असते. ते घालून ती जठरातून गुपचूप पुढे सरकते, आतड्यात उतरते, रक्तात मिसळते आणि फिरून त्याच जठराच्या पेशीपाशी मागच्या दाराने येते. तिथे पंपाच्या तोंडाशी साठलेल्या आम्लात तिचे रूप पालटते आणि ती पंपाला कायमची चिकटते. म्हणजे आम्लाने मरणारी ही गोळी आम्लाशिवाय जागी होत नाही. अद्वैताचा एवढा पेच शंकराचार्यांच्या भाष्यातही क्वचित.

चिकटलेला पंप पुन्हा सुरू होत नाही. पेशीला नवा बसवावा लागतो. म्हणूनच गोळी रक्तात तास-दोन तासच टिकते, पण परिणाम दिवसभर राहतो. आणि पंप टप्प्याटप्प्याने जाम होत असल्याने पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. "कालच घेतली, काय फरक नाही" ही तक्रार घेऊन दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

६. अर्धतासाधिकरण

मीमांसकांच्या अधिकरणाला पाच अंगे असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. प्रबंधाचा गाभा येथे आहे, म्हणून पाचही अंगे सोसून घ्यावीत.

विषय: "सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी" हे विधिवाक्य.

संशय: या अर्ध्या तासात चहा चालतो की नाही?

पूर्वपक्ष: येथे रसायनीत तीन पंथ आढळतात. पहिला जलवादी. त्यांच्या मते चहा हे पाणीच आहे. ते उकळले आणि रंगले म्हणून त्याचे जलत्व जात नाही. या पंथाचे अनुयायी गोळीच चहाबरोबर गिळतात आणि एका घोटात दोन कार्ये उरकतात. दुसरा बिस्किटसापेक्षतावादी. चहा स्वतः निर्गुण आहे, परंतु त्यात खारी किंवा बटर बुडताच त्याला अन्नत्व प्राप्त होते, असे हा पंथ मानतो. या पंथात उपपंथ आहेत: बिस्किट बुडवले तर अन्न, कोरडे खाल्ले तर नुसती सोबत. तिसरा अन्नवादी पंथ चहाला पूर्ण अन्न मानतो. त्याचे अनुयायी संख्येने थोडे असून बहुधा दुसऱ्याच्या चहाबद्दल बोलत असतात.

यावर पाळीवाल्यांचा स्वतंत्र आक्षेप: "आमची सकाळ कोणती?" रात्रपाळी करून सातला सुटलेला माणूस घरी येऊन पोहे खातो आणि झोपतो. त्याची सकाळ दुपारी तीनला उजाडते. शास्त्र जनरल शिफ्टवाल्यांनी लिहिले, हा त्यांचा आरोप अगदीच निराधार नाही.

सिद्धान्त: विधीचे प्रयोजन पाहिल्यावाचून विधीचा अर्थ लागत नाही. माणूस उपाशी असतो तेव्हा बहुतेक पंप पेशीच्या आत निजलेले असतात, आणि निजलेल्या पंपापाशी आम्ल नसल्याने गोळी त्याला पकडू शकत नाही. जेवण पोटात पडले की पंप मोठ्या संख्येने पृष्ठभागावर येऊन कामाला लागतात. त्या क्षणी गोळी रक्तात हजर हवी. अर्धा ते एक तास हा तिचा प्रवासाचा वेळ आहे. जेवणानंतर घेतली तर ती अन्नाच्या मागे जठरात अडकते, आणि ती पोहोचेपर्यंत पंपांचे काम उरकत आलेले असते. ही गोळी म्हणजे पंप ट्रिप करणारा माणूस. पाळी सुरू होताना प्लँटवर असला तर उपयोगाचा, पाळी सुटल्यावर गेटवर आला तर त्याने फक्त हजेरी लावली.

आता चहाचा निकाल. दूध आणि कॅफिन दोन्ही आम्लाला चेतवतात, आणि चहाच्या मागोमाग बिस्किट येते हे अनुमान धुरावरून अग्नीच्या अनुमानापेक्षा पक्के आहे. म्हणून चहा हा अन्नच. जलवाद्यांचा पंथ येथे बरखास्त झाला. अर्ध्या तासात साधे पाणी तेवढे चालते. पाळीवाल्यांच्या आक्षेपाचे उत्तर असे, की "सकाळ" हा शब्द घड्याळाला लागू नाही, पोटाला लागू आहे. झोपून उठल्यानंतरचे पहिले मुख्य खाणे ज्या वेळी, त्याच्या अर्धा तास आधी ज्याची त्याची सकाळ.

संगती: अर्धा तास हे रसायनीत दुर्मिळ द्रव्य आहे. कंपनीची बस अर्धा तास थांबत नाही, दांड फाट्याची रिक्षा थांबत नाही, आणि रसायनी स्टेशनवर गाडी चुकली तर थांबावे लागते ते अर्ध्या तासाहून फार अधिक. जो अर्धा तास सहज मिळतो, तो उठल्यावर मोबाइलकडे बघण्यात जातो. गोळी उशाशी ठेवून डोळे उघडताच पाण्याबरोबर घेतली, तर मोबाइलचा अर्धा तास आणि गोळीचा अर्धा तास एकच होतो. मोबाइलचा आरोग्याला झालेला हा एकमेव निर्विवाद लाभ ठरेल.

७. कर्मविचार

धर्मशास्त्राने कर्माचे भेद केले आहेत. गोळी घेणाऱ्यांना ते तंतोतंत लागू पडतात.

नित्यकर्मी: संध्या सुटली, व्यायाम सुटला, गोळी सुटली नाही. का घेतो हे विस्मरणात गेले, तरी न घेतल्यास दोष लागतो अशी श्रद्धा. यांच्याविषयी पुढील प्रकरणात.

नैमित्तिककर्मी: निमित्त आले की गोळी. रायगडात निमित्तांचा दुष्काळ नाही. थंडीत शेतावर पोपटी लागते. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यात लपेटून मडक्यात शिजतात आणि मडके उपडे होईस्तोवर रात्रीचे अकरा वाजतात. मग हळदी, मग गटारी, मग कर्जतला कोणी सोडायला गेले की स्टेशनावरचा दिवाडकरांचा वडा, जो खाल्ल्याशिवाय परतणे हा पाहुण्याचा नव्हे, वड्याचा अपमान समजतात.

काम्यकर्मी: फळावर डोळा ठेवून आधीच गोळी घेणारे. "रात्री पोपटी आहे, आत्ताच घेऊन ठेवतो." यांची नियत खोटी असली तरी औषधशास्त्र त्यातल्या त्यात यांच्याच बाजूचे आहे, कारण गोळी जेवणाआधी जाते. मात्र एकाच गोळीने सगळे पंप जाम होत नाहीत, त्यामुळे फळ अंशतः मिळते.

प्रायश्चित्तकर्मी: खाऊन झाले, आंबट-करपट ढेकर सुरू झाले, मध्यरात्री उठून गोळी. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत फसलेला वर्ग. पोटात आधीच ओतले गेलेले आम्ल ही गोळी शमवत नाही. ती फक्त पुढचे बनणे थांबवते. तत्काळ उतारा हवा असेल तर तो डायजीन, जेल्युसिल यांसारख्या अँटासिडचा. त्यातली मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमची अल्कली द्रव्ये आम्लाला काही मिनिटांत निष्प्रभ करतात. इनोचाही पंथ आहे. त्यातल्या सोड्याने वायू सुटतो, दणदणीत ढेकर येतो आणि प्रकरण मिटल्याचा आभास होतो. थंड दूध क्षणभर गार वाटते आणि मग स्वतःच आम्ल वाढवते. कोकम तर मुळात आंबट. तरीही कोकणात पित्तावर तेच देतात, आणि त्याविरुद्ध लिहून या तालुक्यात राहणे लेखकाला शक्य नसल्याने तो विषय येथेच सोडला आहे.

निषिद्धकर्मी: गोळी चावून खाणारे, कुटून मधातून देणारे, कॅप्सूल उघडून दाणे वाटून टाकणारे. आवरण फुटले की गोळी जठरातच संपली. उरली ती मधाची चव.

८. निवृत्तिप्रकरण

प्रवृत्ती सोपी, निवृत्ती कठीण, हे अध्यात्म या गोळीने घरोघर पोहोचवले. साध्या आम्लविकारांत ती साधारणपणे चार ते आठ आठवड्यांसाठी देतात. पण चिठ्ठीवर सुरुवातीची तारीख असते. शेवटची तारीख कोणी वाचत नाही. शिवाय ती चिठ्ठीतली कायमची सोबतीण झाली आहे. ताप असो, मुरगळ असो, दाढ असो, खाली एक ओळ तिची असतेच.

नित्यकर्म्यांचा लाडका युक्तिवाद असा: "सोडून बघितली. दोन दिवसांत जळजळ परत. म्हणजे मला लागतेच." हा शुद्ध हेत्वाभास आहे. आम्ल कमी पडले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवून आम्ल बनवणाऱ्या यंत्रणेला जोर देते. गोळी एकदम थांबवली की तो साचलेला जोर उसळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेला डेन्मार्कमधला प्रयोग येथे प्रमाण मानावा. पोटाची काहीही तक्रार नसलेली १२० निरोगी माणसे घेतली. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर चार आठवडे खोटी गोळी, बाकीच्यांना बाराही आठवडे खोटी गोळी. शेवटच्या चार आठवड्यांत खऱ्या गोळीवाल्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला, खोटीवाल्यांत १५ टक्क्यांना. ज्यांना जळजळ ठाऊक नव्हती त्यांना ती गोळी सोडल्यामुळे भेटली.

म्हणून सोडायची ती डॉक्टरांना विचारून, मात्रा उतरवत, दिवसाआड करत. मधल्या काळात गरजेपुरते अँटासिड घेत. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण आटोपणे, पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच करणे, तंबाखू आणि पोटाचा घेर आवरणे हे उपाय फुकट असल्यामुळे त्यांना कोणी उपाय मानत नाही.

वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. हाडे मोडण्याचा आणि आतड्याच्या काही संसर्गांचा धोका थोडा वाढल्याचेही अभ्यासांत दिसते. ज्या गावात ब-१२ची इंजेक्शने आणि ही गोळी एकाच पिशवीतून घरी येतात, तिथे या दोहोंचा परस्परसंबंध तपासला जावा.

तथापि एक इशारा प्रबंधाच्या विनोदाबाहेरचा आहे. ज्यांची अन्ननलिका आम्लाने खरोखरच सोलवटली आहे, ज्यांना बॅरेट अन्ननलिका हा विकार आहे, ज्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या घेताना जठरातून रक्तस्रावाचा धोका आहे, त्यांना ही गोळी दीर्घकाळ लागते आणि ती योग्यच आहे. हेलिकोबॅक्टरच्या उपचारातही प्रतिजैविकांबरोबर ती हवीच. त्यांनी एखाद्या प्रबंधाच्या भरवशावर ती थांबवू नये. शौचाला काळे होणे, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, कारण नसता वजन उतरणे ही लक्षणे असतील तर गोळी बदलत बसू नये, तपासणी करावी. आणि छातीत दाटून घाम फुटला, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, तर "गॅस झालाय" म्हणत पट्टी शोधू नये. ते दुखणे हृदयाचे असू शकते. तिथे अर्धा तासही थांबायचे नसते.

९. निर्णय

सर्व पक्ष ऐकून झाल्यावर निकाल असा. गोळी निर्दोष आहे. स्वीडिश शास्त्रज्ञांनी तिच्यावर वर्षे खर्च केली. तिने आपल्याकडून एक पेला पाणी आणि अर्धा तास मागितला. पाणी आपण दिले. यापुढे उठल्याबरोबर गोळी घ्यावी, अर्धा तास जाऊ द्यावा, मग चहा प्यावा, आणि आठ आठवड्यांनंतरही पट्टी संपतच असेल, तर पुढची पट्टी मेडिकलवाल्याकडे न मागता "अजून लागते का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा.